डबलसीट शिकताना

लायसन्सच्या परीक्षेत आपण आठचा आकडा काढतो तो एकट्यानं. पास होतो, लायसन्स हातात येतं आणि त्याच आठवड्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, "मला जरा स्टँडपर्यंत सोड." आपण सोडतो. गाडी येते म्हणजे डबलसीटही येत असणार, असं आपण धरून चालतो आणि मागे बसणारंही धरून चालतं.

माझ्या मागे पहिल्यांदा लांबवर बसली ती आई. सातारा ते वाई, पस्तीसेक किलोमीटर. मला वाटलं, मी तिला छान नेलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तिची कंबर धरली आहे आणि पाचवड फाट्यापासून पुढे ती डोळे मिटून बसली होती. मला ती काहीच बोलली नव्हती. मागे बसलेलं माणूस सहसा बोलत नाही. त्याच्या हातात हँडल नसतं, पायाखाली ब्रेक नसतो, समोरचा खड्डाही त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त तुमची पाठ. म्हणून डबलसीट ही वेगळी शिकायची गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. तीन-चार रविवार सलग थोडा वेळ दिला तर ती नीट अंगवळणी पडते. कसं, ते क्रमानं सांगतो.

वजन कुठे जातं

शंभर-एकशेदहा सीसीची साधी गाडी साधारण ११० किलोची असते. तुम्ही ६५ किलोचे असाल तर झाले १७५. मागे तेवढ्याच वजनाचं माणूस बसलं की २४०. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वजन एका क्षणात वाढलं. तेही खाली इंजिनाजवळ नाही. उंचावर आणि जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. शिवाय हे वजन स्थिर नसतं. ते वळून बघतं, पिशवी सावरतं, ओळखीचं कुणी दिसलं की हात करतं.

याचा परिणाम पहिल्या शंभर मीटरमध्येच जाणवतो. गाडी उचलायला वेळ लागतो, थांबायला जास्त जागा लागते. पुढचं चाक हलकं पडल्यामुळे चढावर हँडल सैल वाटतं. मागचा शॉकअप दबतो, गाडीचं नाक वर होतं आणि रात्री तुमचा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सगळ्यात जास्त त्रास होतो तो अगदी कमी वेगात. चाळीसच्या वेगाला गाडी स्वतःच सावरलेली असते, पण सिग्नलला थांबताना, गल्लीत वळताना, गर्दीत पावला-पावलानं सरकताना मागचं माणूस जरा कलंडलं तरी तुमचा पाय जमिनीवर जातो. नवशिक्यांच्या गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच, जागच्या जागी.

कुणाला बसवायचं, कधी बसवायचं

शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही. तो नियमच आहे. पक्कं लायसन्स आल्यावरही निदान दोन-तीन महिने एकट्यानं चालवा. किती किलोमीटर झाले यापेक्षा मी तीन गोष्टी बघतो. भर चढावर थांबून मागे न घसरता निघता येतं का? पाय न टेकवता अरुंद रस्त्यात यू-टर्न घेता येतो का? आणि गिअर बदलताना खाली बघावं लागतं का? पहिल्या दोन प्रश्नांना हो आणि तिसऱ्याला नाही असं उत्तर आलं की मागे माणूस घ्यायला हरकत नाही.

पहिलं माणूस निवडून घ्या. ज्याला स्वतःला गाडी येते आणि ज्याचं वजन तुमच्याहून कमी आहे, असा मित्र किंवा मैत्रीण उत्तम. पहिल्याच दिवशी आजी, लहान भाचा किंवा गरोदर वहिनी नको. पाऊस नको, अंधार नको, आणि कुठे वेळेवर पोचायचं आहे अशी वेळही नको.

मागे एकच माणूस. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ चालकाव्यतिरिक्त एकाच व्यक्तीला परवानगी देतं, तेही नीट बसवलेल्या सीटवर. ट्रिपलसीटला दंड तर आहेच, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित होण्याची तरतूद आहे. मला त्याहून मोठं कारण वाटतं ते असं की तिसरं माणूस बसलं की पहिला चालक टाकीवर सरकतो, त्याचे हात आखडतात आणि हँडल पुरतं वळतच नाही.

गाडीची तयारी

हवेपासून सुरुवात करा, कारण नेमकी तीच कुणी बघत नाही. मागच्या टायरसाठी कंपनीनं दोन आकडे दिलेले असतात, एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा. ते माहितीपुस्तिकेत असतात. बहुतेक गाड्यांवर चेनकव्हरपाशी किंवा मागच्या चाकाच्या दांडीवर स्टिकरही असतो. कम्यूटर गाड्यांमध्ये एकट्यासाठी साधारण २८-२९ पीएसआय आणि दोघांसाठी ३२ किंवा त्याहून जास्त असं दिसतं, पण तुमच्या गाडीचा आकडा तुमच्याच स्टिकरवर वाचा. पंक्चरवाल्याला "मार रे हवा" म्हणून उभे राहू नका, आकडा सांगा. कमी हवेवर दोघं बसले की टायर दबतो, तापतो आणि वळणावर गाडी मागून डुलते. हवा टायर गार असतानाच बघायची.

मग मागचे शॉकअप. स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्यांसारख्या खाचा असलेली एक कडी असते. टूलकिटमधल्या वाकड्या पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग कडक होते. रोज एकटे जात असाल आणि रविवारी दोघं लांब जाणार असाल, तर एक-दोन खाचा वाढवा. दोन्ही बाजूंना सारख्याच खाचा हव्यात. तुमच्या गाडीला मागे एकच शॉकअप असेल तर मेकॅनिककडून करून घ्या. हे एवढं केलं तरी स्पीडब्रेकरवर 'धप्प' असा आवाज यायचा बंद होतो. तो आवाज आला की समजायचं, शॉकअप तळाला टेकला आणि उरलेला धक्का मागच्याच्या मणक्यानं घेतला.

चेन तपासताना मागे कुणाला तरी बसवून तपासा. एकट्यानं ठीक वाटणारी चेन वजन पडल्यावर ताणली जाते, आणि फार ताणलेली चेन सैल चेनइतकीच वाईट. हेडलाइटचंही तसंच. घरासमोरच्या भिंतीवर झोत टाका, मागे माणूस बसवा, झोत किती वर सरकतो ते बघा आणि तेवढा खाली घ्या. आरसेही माणूस बसल्यावरच लावा. एकट्यानं लावलेल्या आरशात डबलसीटला मागच्याची कोपरं दिसतात.

मागचे फुटरेस्ट दोन्ही उघडतात का, त्यांचं रबर आहे का, हेही बघून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मागे माणूस बसवण्याची सोय असलेल्या गाडीला धरायला पक्की कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलं पाहिजे. हे संरक्षण म्हणजे आपला साडीगार्ड. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या तो काढून टाकणारे खूप आहेत. कृपा करून काढू नका. का, ते पुढे येईलच.

हेल्मेट दोन

मागच्याचं हेल्मेट ऐच्छिक नाही. कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, पुढे बसलेला असो की मागे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेली हेल्मेटं बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ती टांगलेली दिसतात. चिन्हाजवळ आयएस ४१५१ हा क्रमांक आहे का ते बघा. घरात दुसरं हेल्मेट ठेवताना आपण जुनं, मोठं झालेलं, पट्टा तुटलेलं ठेवतो आणि ज्याची सगळ्यात जास्त काळजी करायची त्याच्या डोक्यावर ते घालतो. दुसरं हेल्मेट त्याच्या मापाचं घ्या. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतकाच सैल हवा. मान हलवली तर हेल्मेट बरोबर फिरलं पाहिजे, मागे राहता कामा नये.

मागे बसणाऱ्याला पाच मिनिटं

ही पाच मिनिटं लोकांना अवघड वाटतात. मोठ्या माणसाला 'बसावं कसं' हे काय सांगायचं? पण सांगा. मी काकूंनाही सांगतो, मेव्हण्यालाही सांगतो, आणि आजवर कुणी वाईट मानलेलं नाही.

मी म्हणेपर्यंत बसू नका आणि मी म्हणेपर्यंत उतरू नका, हे पहिलं. मग हातांचं. एक हात मागच्या कडीला आणि एक माझ्या कमरेला. ब्रेक लागला की शरीर पुढे येतं, तेव्हा कमरेचा हात सावरतो. गाडी सुटली की मागे जातं, तेव्हा कडीचा हात. खांदे धरू नका, कारण खांद्यावरचा हिसका सरळ हँडलमध्ये उतरतो. पाय फुटरेस्टवरून काढायचे नाहीत, सिग्नलला थांबलो तरी नाही. जमिनीवर पाय टेकवायचं काम माझं. मदत म्हणून मागच्यानं एक पाय खाली सोडला की गाडी त्या बाजूला ओढली जाते.

वळणावर काय करायचं? खरं तर काहीच नाही. गाडी कलली की भीतीनं माणूस उलट बाजूला झुकतं, आणि मग गाडी वळायलाच तयार होत नाही. नुसतं "माझ्याबरोबर झुका" म्हटलं तर काहीजण जास्तच झुकतात. सोपी युक्ती अशी की डावं वळण असेल तर माझ्या डाव्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा, उजवं असेल तर उजव्या. नजर तिकडे गेली की शरीर आपोआप तेवढंच जातं.

हेल्मेटमधून, वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवा. आमच्या घरात पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे बाजूला घेऊन थांब. दोन थापा पडल्या की कारण न विचारता थांबायचं. ही खूण पाळली जाते असं कळलं की मागचं माणूस निम्मं निर्धास्त होतं.

बसणं आणि उतरणं

गाडी साइडस्टँडवर असताना कुणाला बसवू नका. तो स्टँड रिकाम्या गाडीचा भार पेलण्यासाठी असतो. तुम्ही आधी बसा, गाडी सरळ करा, स्टँड वर घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. दोन्ही पाय रुंद रोवा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि मग म्हणा, "बसा."

बसायचं नेहमी डावीकडून. एकतर आपण रस्त्याच्या डाव्या कडेला उभे असतो, त्यामुळे माणूस रहदारीच्या बाजूला जात नाही. दुसरं म्हणजे सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, आणि उजवीकडून उतरणाऱ्या कितीजणांच्या पोटऱ्यांवर तो भाजल्याचा डाग आयुष्यभर राहिलेला आहे. उंच माणसानं फुटरेस्टवर न चढता सरळ पाय टाकून बसावं. बुटक्या माणसाला फुटरेस्टवर चढावंच लागतं. अशा वेळी गाडी डावीकडे ओढली जाणार हे आधीच धरून तुम्ही किंचित उजवीकडे रेला. वयस्कर माणसांसाठी मी गाडी ओट्याला किंवा फुटपाथच्या पायरीला लावतो. सहा इंचांच्या उंचीनं त्यांची अर्धी धडपड वाचते.

गोव्यात मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांना पायलट म्हणतात. काळी गाडी, पुढचं मडगार्ड पिवळं. दिवसभर अनोळखी माणसं त्यांच्या मागे बसतात. कुणी बॅगा घेऊन, कुणी आयुष्यात पहिल्यांदा. पणजीच्या स्टँडवर थांबलात तर त्यांच्या पायांकडे बघा. दोन्ही पाय रोवून, गाडी धरून, मान मागे वळवून माणूस बसल्याची खात्री करायची आणि मगच गिअर टाकायचा. मी जे तीन परिच्छेदांत सांगतो आहे ते तिथे दहा सेकंदांत बघायला मिळतं.

मैदानातला सराव

रविवारी सकाळी शाळेचं मैदान किंवा आठवडी बाजाराची मोकळी जागा गाठा. तास-दीड तास पुरे, पण तीन-चार रविवार सलग.

आधी फक्त सुटायचं आणि थांबायचं. वीस मीटर जाऊन थांबा, पुन्हा सुटा. क्लच नेहमीपेक्षा सावकाश सोडा आणि रेस किंचित जास्त द्या. या टप्प्यावर एक आवाज तुमचा गुरू होईल, मागच्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आदळल्याची 'टक'. सुटताना, गिअर बदलताना, ब्रेक लावताना तो आवाज येत असेल तर तुमचे हात अजून झटके देत आहेत. रेस कमी करण्याआधी क्लच दाबला जातोय का? खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडला जातोय का? पहिल्या रविवारी आम्ही हा आवाज मोजतो. तिसऱ्या रविवारपर्यंत तो एखाद-दुसऱ्यावर येतो.

मग कमी वेग. चालणाऱ्या माणसाच्या गतीनं सरळ रेषेत जा. हाफ क्लच, थोडी रेस आणि मागचा ब्रेक हलकासा दाबलेला. मागच्या ब्रेकनं गाडी ताणून धरली की तोल राहतो. पुढचा ब्रेक या वेगात, हँडल वळलेलं असताना लावला तर गाडी तिथेच बसते. हे जमलं की मोठे गोल काढा, मग लहान, मग आठचा आकडा.

त्यानंतर चढ. मागचा ब्रेक उजव्या पायानं धरा, डावा पाय जमिनीवर. पहिला गिअर टाका, क्लच सोडत इंजिनाचा आवाज खाली बसेपर्यंत या, आणि मग ब्रेक सोडा. पुढच्या ब्रेकवर गाडी धरली तर त्याच हातानं रेसही द्यावी लागते, आणि दोघांच्या वजनाला नवख्या हाताकडून ते जमत नाही.

शेवटी जोरात ब्रेक. मागच्याला आधी सांगा. तीसच्या वेगावरून दोन्ही ब्रेक वाढत्या दाबानं लावा. डबलसीटला मागच्या चाकावर वजन जास्त असल्यामुळे मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त काम करतो, तरी मुख्य ब्रेक पुढचाच. थांबायला किती पावलं लागली ती मोजा, मग एकट्यानं तेच करून पुन्हा मोजा. हा फरक स्वतःच्या पावलांनी मोजलेला कायम लक्षात राहतो.

रस्त्यावर

पुढच्या वाहनापासून एकट्यानं दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर आता तीन. पुढचा ट्रक एखाद्या खांबाला ओलांडून गेला की सावकाश एक, दोन, तीन मोजा. तीनच्या आत तुम्ही खांबाला पोचलात तर फार जवळ आहात. पन्नासच्या वेगाला सेकंदाला सुमारे १४ मीटर जातात, म्हणजे हे अंतर चाळीसेक मीटरचं झालं. गावात कुणीतरी मध्ये घुसेलच. घुसू द्या, पुन्हा मागे राहा.

स्पीडब्रेकरच्या आधी ब्रेक लावा आणि चाक चढायच्या क्षणी सोडून द्या. ब्रेक दाबलेलाच राहिला तर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो आणि धक्का दुप्पट लागतो. आपल्याकडे पट्टे न मारलेले गतिरोधक गावागावात आहेत, म्हणून शाळा, देऊळ किंवा फाटा दिसला की आहेच असं समजा. मागच्याला "ब्रेकर" एवढं ओरडून सांगितलं तरी तो फुटरेस्टवर भार देऊन किंचित उचलला जातो.

ओव्हरटेकचा हिशोब पूर्ण बदलतो. एकट्यानं जी लालपरी सहज पार होते, तिच्या शेजारी डबलसीटला तुम्ही बराच वेळ अडकून राहता. खालचा गिअर टाकून, समोरचा रस्ता रिकामा बघून निघा. शंका आली तर निघूच नका. आमच्या भागात ऊस तोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं बरोबर मागे बसलेल्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात मी अंधार पडल्यावर डबलसीट निघतच नाही. ज्यांना निघावं लागतं त्यांनी पन्नासच्या वर जाऊ नये.

पदर, ओढणी आणि एका बाजूला बसणं

यावर सविस्तर लिहितो, कारण याबद्दल कुणी नीट सांगत नाही आणि यातून होणाऱ्या दुखापती भयंकर असतात. ओढणी चाकात गेली की ती गळ्याभोवती आवळत माणसाला मागे खेचते. हे घडायला एक सेकंदही लागत नाही.

शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसावं. सलवार-कमीज, पँट, आणि हो, नऊवारीसुद्धा. काष्टा घातलेल्या आजी दोन्हीकडे पाय टाकून किती निवांत बसतात ते आमच्याकडे कुठेही दिसेल. अडचण येते ती सहावारीत. तेव्हा एका बाजूला बसावं लागतं, आणि लाखो बायका रोज तसं बसतात, म्हणून ते नीट कसं करायचं हे सांगितलंच पाहिजे.

डावीकडे तोंड करून बसल्यावर उजवा हात चालकाच्या कमरेभोवती आणि डावा मागच्या कडीला. दोन्ही पाय साडीगार्डच्या पायपट्टीवर किंवा फुटरेस्टवर, लोंबकळते नकोत. नीट मागे सरकून बसा, सीटच्या कडेवर नको. आता पदराचं. साडीगार्ड असतो डावीकडे. पण पदर असतो डाव्या खांद्यावर, आणि या बैठकीत डावा खांदा येतो गाडीच्या मागच्या बाजूला. म्हणजे पाठीवर सोडलेला पदर उजवीकडे, जिथे गार्डच नाही तिथे, चाकाच्या वर लोंबतो. साडीगार्ड आहे म्हणून निर्धास्त बसलेल्या बायकांचा पदर नेमका इथून जातो. पदर पाठीमागून पुढे घ्या, कमरेला एक वेढा द्या आणि नीट खोचा. ओढणी असेल तर दोन्ही टोकं पुढे आणून गाठ मारा किंवा सरळ काढून पिशवीत ठेवा. हवेत उडणारा स्कार्फ, रेनकोटची सुटी दोरी, शबनमचा पट्टा या सगळ्यांना हेच लागू.

चालकानं निघण्याआधी वळून एकदा चाकाकडे बघायचं. मी प्रत्येक वेळी बघतो. आईचा पदर एकदा साडीगार्डच्या पलीकडे चेनपाशी गेलेला मला सुटायच्या क्षणी दिसला होता. इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता.

एका बाजूला बसलेल्या माणसाचं वजन डावीकडे जास्त येतं, त्यामुळे गाडी सतत डावीकडे ओढते. वेग चाळीसच्या आत ठेवा, डावी वळणं अधिक हळू घ्या, आणि घाटात अशी बैठक शक्यतो टाळा.

लहान मूल

टाकीवर मूल बसवू नका. ब्रेक लागला की ते हँडल आणि तुमची छाती यांच्या मध्ये सापडतं. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू आहे: मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हा पट्टा जाकिटासारखा असतो, त्याचे बंद चालकाच्या खांद्यांवरून येतात. मूल पेंगलं तरी घसरत नाही, आणि मुलं गाडीवर पेंगतातच.

थोड्या मोठ्या मुलाचे पाय फुटरेस्टला पोचत नसतील तर ते अजून मागे एकटं बसण्याएवढं झालेलं नाही. लोंबकळता पाय स्पोकमध्ये गेला की टाचेची कातडी सोलून निघते. हाडांच्या डॉक्टरांना ही जखम चांगली ओळखीची आहे. चपलेऐवजी बूट घाला.

पाऊस आणि घाट

मागच्यानं छत्री उघडायची नाही. दहा पावलांसाठीसुद्धा नाही. वारा छत्रीत शिरला की माणूस मागे उलटतं. दोघांनाही शर्ट-पँटचा रेनकोट घ्या, अंगावरून टाकायचा घोळदार नको, कारण त्याची टोकं चाकाकडे जातात. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, शेताच्या वाटेपाशी ट्रॅक्टरनं आणलेला चिखल असतो, पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा.

घाटात चढताना खालचा गिअर आधीच टाका, गाडी मरगळल्यावर नको. उतरतानाही साधारण तोच गिअर ठेवा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. पसरणी घाटातून वाईकडे उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे मी रोज बघतो. दोघांच्या वजनानं सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खालच्या वळणावर पकड कमी पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्यानं शिंग्रोबाच्या देवळावरून खोपोलीकडे उतरणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं.

लांबचा प्रवास

मागच्याला तुमच्या आधी थकवा येतो. तुम्ही हँडल धरून बसलेले असता, पाय हलवत असता. तो एकाच स्थितीत अवघडून जातो. पाऊण तासानं थांबा, त्याला उतरून चार पावलं चालू द्या, पाणी द्या. पाठीवरची जड सॅक त्याला सतत मागे ओढते, म्हणून ती बाजूच्या बॅगांत टाका किंवा सीटवर टेकेल इतके पट्टे सैल करा. तो गप्प झाला, त्याचं हेल्मेट तुमच्या पाठीला टेकायला लागलं, तर त्याला झोप येते आहे. तिथेच थांबा, चहा घ्या.

निघण्याआधी विम्याचा कागदही उघडून बघा. मालक-चालकासाठी असलेलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मागच्या माणसाला लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळी भर घ्यावी लागते, आणि ती फार महाग नसते. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

परत आल्यावर मी एक प्रश्न न चुकता विचारतो: "कुठे भीती वाटली?" 'बरं वाटलं का' असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. असं विचारलं की जागा सांगतात. आईनं मागच्या महिन्यात सांगितलं, वाईच्या अलीकडच्या वळणावर, पुलाच्या आधी. मी तिथे गिअर वळणात शिरल्यावर खाली घेत होतो. आता वळणाच्या आधीच, उजवीकडचं वडाचं झाड आलं की घेतो.